वल्कलावरची रेघ

जागे केलेत ना मला? बरे झाले. मला झोप फार. आम्हा लाकडांच्या जातीलाच झोप फार. झाड होतो तेव्हा उभ्याने पेंगायचो, तोडल्यावर आडवा होऊन पेंगतो, एवढाच काय तो फरक. तर मित्रांनो, मी एक जुना लाकडी मोगर आहे. वीतभर मूठ, पुढे मनगटाएवढे गोल डोके आणि डोक्याभोवती कोरलेल्या बारीक खाचा, असे माझे रूप. झाडाची ओली साल ठोकून ठोकून तिचे वल्कल करायचे, हा माझा जन्माचा धंदा.

आमची टेकडी मसाका शहराच्या रस्त्यापासून बरीच आत आहे. टेकडीवर केळीच्या बागा, खाली दलदल, दलदलीत पुरुषभर उंचीचे लव्हाळे आणि पलीकडे पुन्हा तशीच एक टेकडी. सकाळी दलदलीतून धुके वर येते आणि दोन्ही टेकड्या एकमेकींना दिसेनाशा होतात. माझ्या आठवणीही बहुतेक त्या धुक्यातल्याच आहेत. सांगताना थोडे मागेपुढे झाले तर सांभाळून घ्या.

मला चोबेने घडवले. तेव्हा तो विशीतला होता आणि त्याच्या गालावर दाढीही नीट फुटली नव्हती. एका टणक झाडाची एकच फांदी तोडून त्याने तिचे तीन तुकडे केले. पहिल्या तुकड्यावर रुंद खाचा पाडल्या, दुसऱ्यावर त्याहून अरुंद, आणि उरलेल्या तुकड्यावर, म्हणजे माझ्यावर, अगदी केसासारख्या. पहिला मोगर साल फोडतो, दुसरा पसरवतो आणि तिसरा मऊ करतो. सकाळी दोन हात रुंद असलेली साल संध्याकाळी चादरीएवढी होते, ती आम्हा तिघांचा मार खाऊन. पण शेवटचा हात माझा. लोक वल्कलावरून तळवा फिरवून "वा!" म्हणत, ते माझ्या कामाला. खरे सांगू? मला त्याचा गर्व होता. दोघे थोरले घाम गाळायचे आणि शाबासकी मी खायचो.

घरामागे मुतुबाची चाळीसेक झाडे होती. मुतुबा म्हणजे वडा-उंबराच्या कुळातले, चिकाचे झाड. पावसाळ्यात त्याच्या खोडाची साल वर-खाली गोल कापायची, मधून एक उभी चीर द्यायची आणि केळीच्या दांड्याची पाचर सारत सारत ती अलगद सोडवायची. वर्षभरात खोडावर नवी साल येते. चाळीस-चाळीस वर्षे एकच झाड साल देत राहते. पण एक पथ्य असते. साल निघाली की त्याच घटकेला उघड्या खोडाला केळीची ताजी पाने गुंडाळायची. चोबे यात कधी चुकला नाही. कुणी घाई करू लागले की तो म्हणे, "त्याचा सदरा आपण काढून घेतलाय रे. त्याला काय उघडं ठेवशील?"

त्या झाडांतले सगळ्यांत म्हातारे झाड म्हणजे नालोंगो. जुळ्यांच्या आईला आमच्याकडे नालोंगो म्हणतात. या झाडाला बुंध्यापासून थोड्या उंचीवर दोन सारख्या फांद्या फुटल्या होत्या, म्हणून ते नाव. नालोंगोची साल चहाच्या रंगाची, मधासारखी मऊ. तिच्यावर पडायला मला फार आवडे. पडताना वाटे, आपण कापड करीत नाही, कुणाला तरी थोपटून झोपवतो आहोत.

वल्कल ठोकायला एक लांब ओंडका असतो. त्यावर साल अंथरतात आणि दोघे जण दोन बाजूंना समोरासमोर बसून आळीपाळीने ठोकतात. एकाचा हात वर, दुसऱ्याचा खाली. चोबेच्या समोर बसायचा त्याचा थोरला मुलगा गेरेवाझी. चौदा वर्षांचा असताना तो तिथे बसला आणि चाळिशीला आला तरी तिथेच बसत होता. दोघांना बोलावे लागत नसे. चोबेची भुवई हलली की गेरेवाझीचा हात हलका होई. मी चोबेच्या मुठीत, त्यामुळे मलाही समोर दिसे तो गेरेवाझीच: त्याचे रुंद कपाळ, दातांत धरलेली गवताची काडी, वल्कल उतरले की ओठांच्या कोपऱ्यात येणारे हसू.

चोबेला आणखी एक मुलगा होता, मातिया. गेरेवाझीहून चौदा वर्षांनी धाकटा. तो तीन वर्षांचा असताना त्याची आई गेली. तेव्हापासून तो ठोकायच्या छपरात, बापाच्या मागे, खांबाला टेकून बसायचा. डब्याच्या झाकणांची गाडी करून फिरवायचा. "बाबा, बघा ना," म्हणायचा. पण साल ओली असेतो हात थांबवता येत नाही, वाळली की ती फाटते. चोबे न वळताच म्हणे, "बघतो हं." असे किती वेळा झाले ते मला माहीत नाही. तेव्हा मी मोजले नाही, आणि आता वाटते मोजायला हवे होते. पुढे मातिया मोठा झाला आणि खरीच गाडी फिरवू लागला. मसाकाच्या रस्त्यावर मोटारसायकलवरून माणसे नेऊ-आणू लागला. मोगर त्याने कधी हातात धरला नाही.

मग एका वर्षी चोबे गेला. पोटच्या मुलांनी, भाच्यांनी, शेजाऱ्यांनी आपापली वल्कले आणली आणि त्यांच्या घड्यांत गुंडाळून त्याला केळीच्या बागेत पुरले. त्यातले सर्वांत आतले वल्कल गेरेवाझीने ठोकलेले होते. तेव्हा मी त्याच्या हातात होतो, आणि त्याचे अश्रू माझ्या खाचांत उतरले होते. त्याच दिवशी मी ठरवून टाकले, आता हाच माझा धनी.

काही महिन्यांनी शेवटचे विधी झाले. आमच्याकडे त्या दिवशी वारस उभा करतात. वारस म्हणजे नुसता घराचा धनी नव्हे, मित्रांनो. तो मेलेल्या माणसाच्या जागी येतो. त्याचे नाव घेतो. त्या दिवसापासून सख्खी भावंडेसुद्धा त्याला बाबा म्हणतात आणि पुतणे-भाचे आजोबा. अंगण माणसांनी भरले होते. वाफवलेल्या केळ्यांचा आणि शेंगदाण्याच्या कालवणाचा वास सुटला होता. मी छपराच्या आढ्याला टांगलेला, तिथून सगळे दिसत होते. गेरेवाझीने धुतलेला पांढरा झगा घातला होता. त्याची बायको फेलिस्ता पुढच्या रांगेत चटईवर बसली होती. काय होणार हे सगळ्यांना ठाऊक होते.

कुळातल्या वडीलधाऱ्याने चोबेचा कागद उघडला. वाचला. थांबला. पुन्हा वाचला.

"वारस, मातिया."

पलीकडच्या टेकडीवरची जमीन गेरेवाझीला. घर, मुतुबाची झाडे, ओंडका आणि तिन्ही मोगर मातियाला. मी आढ्याला लटकलेल्या जागी गार पडलो. ज्या पोराने मला कधी शिवले नाही, त्याच्या मालकीचा मी झालो होतो. चोबेला म्हातारपणी भ्रम झाला असे मला वाटले. मनातल्या मनात मी त्याला नाही नाही ते बोललो.

त्यांनी मातियाच्या खांद्यावर वल्कलाची गाठ मारली, हातात भाला दिला आणि त्याला दारात उभे केले. वडीलधारा ओरडला, "कोण म्हणतो चोबे मेला? हा काय उभा आहे चोबे! या, आपल्या बाबाला नमस्कार करा. थोरल्याने आधी यायचं."

गेरेवाझी पुढे आला.

"मी याचं ढुंगण धुतलंय," तो म्हणाला. "याला बाबा म्हणू?"

नाबोसा आत्या, चोबेची बहीण, गुडघे धरून उठली. तिची जीभ सगळ्या टेकडीला ठाऊक होती. "मग काय झालं? तुझं मी धुतलंय. तरी चारचौघांत तुला माणूस म्हणतेच ना?"

लोक हसले. हसायला नको होते.

"दादा," मातिया हळूच म्हणाला, "मी मागितलं नव्हतं रे."

"नव्हतंस ना मागितलं? मग सोड ती गाठ."

मातियाने गाठीकडे हात नेला. सगळ्या म्हाताऱ्यांचे डोळे त्या हातावर खिळले. वारसाने गाठ सोडणे म्हणजे बापाला दुसऱ्यांदा मारणे. हात तिथेच राहिला.

गेरेवाझी वळला. छपरात आला, मला आढ्यावरून ओढून काढले आणि झग्याखाली खुपसून दलदलीच्या वाटेला लागला. याला चोरी म्हणा हवे तर. मी म्हणत नाही. मी तर खूश होतो. माझे दोघे थोरले भाऊ आढ्यालाच राहिले, याचे मला तेव्हा काहीच वाटले नाही.

पण पुढे काय झाले ऐका. मातियाकडे झाडे होती आणि दोन मोगर होते, पण मऊ करणारा मोगर नव्हता आणि ठोकायचे ज्ञान नव्हते. गेरेवाझीकडे ज्ञान होते आणि मी होतो, पण झाड एकही नव्हते. पलीकडच्या टेकडीवर केळी लावायची आणि अलीकडच्या टेकडीकडे पाठ करून बसायचे, एवढेच त्याचे चालले होते. त्या वर्षी दोन्ही टेकड्यांवर ठोकण्याचा आवाज झाला नाही. लव्हाळ्यातले बगळेसुद्धा कान टवकारून उभे असल्यासारखे वाटत.

गेरेवाझीच्या मुलांना मात्र हे सगळे कळत नव्हते. ती दलदल ओलांडून पळायची आणि सव्वीस वर्षांच्या मातियाला गराडा घालायची. "आजोबा, आजोबा, आम्हाला गाडीवर बसवा ना!" मातियाही गंभीर तोंड करून म्हणायचा, "आजोबांचे गुडघे दुखतात आज. बरं, चला, एकच फेरी." संध्याकाळी ती धुळीने माखून परत आली की गेरेवाझी विचारी, "कुठे होता?" आणि मुले खरे ते सांगत.

"या घरात त्याला आजोबा म्हणालात तर जेवण मिळणार नाही."

"मग काय म्हणायचं?" फेलिस्ता चुलीपाशी बसून विचारी. "गाडीवाला?"

माझे काय झाले म्हणता? पहिले काही दिवस गेरेवाझीने मला उशाला ठेवले. मग कोपऱ्यात. मग फेलिस्ताने मला शेंगा फोडायला घेतले. "नुसता पडलाय तर वापरते," ती म्हणाली. मी मनात म्हटले, हेही काम आहे. पण एके दिवशी गेरेवाझीची शेळी सुटली. तो आधीच कशावरून तरी चिडलेला होता. हाताला दगड लागेना, तेव्हा त्याने मला उचलले आणि शेळीचा खुंटा माझ्याने जमिनीत ठोकला. खुंट्याच्या शेजारी खडक होता. तिसऱ्या घावाला मी त्या खडकावर आदळलो आणि माझ्या दोन खाचा उडाल्या.

गेरेवाझीने मला डोळ्यांजवळ नेले. उडालेल्या जागेवरून अंगठा फिरवला, दोनदा, तीनदा. मग मला सरपणाच्या ढिगावर टाकले आणि आत निघून गेला. त्या रात्री तो जेवला नाही असे फेलिस्ता दुसऱ्या दिवशी शेजारणीला सांगत होती.

सरपणाच्या ढिगावर मी खूप झोपलो. पाऊस यायचा, ऊन यायचे. मला स्वप्न पडे की मी पुन्हा फांदी आहे. अखंड फांदी, तिच्यात तिघे आहोत, पण कुठे कोण संपतो आणि कुठे कोण सुरू होतो ते कळत नाही. वाऱ्याबरोबर आम्ही तिघे एकाच वेळी हलतो. जाग आली की शेजारी वाळकी काटकी असे, आणि तिला मी विचारी, "थोरला कुठे आहे?" ती बिचारी काय सांगणार?

मग वामाला म्हातारा वारला.

वामाला चोबेचा जन्माचा मित्र. जिवंतपणी त्याने सगळ्यांना सांगून ठेवले होते, "मला चोबेच्या घरच्या वल्कलात गुंडाळा. दुसऱ्याचं घातलंत तर उठून बसेन." पहाटे तो गेला आणि सकाळी त्याची मुले मातियाच्या दारात आली. गुडघ्यावर बसली. "चोबे, उद्या दुपारी माती द्यायची आहे. तुमचं वल्कल द्या."

मातिया "मला येत नाही" म्हणू शकला असता. पण ती मुले त्याला मातिया म्हणत नव्हती, चोबे म्हणत होती. आणि चोबेच्या दारातून मेलेल्याचे माणूस आजवर रिकाम्या हाताने गेले नव्हते. "देतो," तो म्हणाला.

हे मला नंतर कळले. मी तर सरपणावर पडलो होतो. त्या सकाळी धुके निवळत होते, आणि दलदलीच्या पलीकडून आवाज आला. धब. धब. धबधब. धब. वर्षभरानंतर ठोकण्याचा आवाज! पण कसला भलताच आवाज तो. ताल नाही, दम नाही. गेरेवाझी अंगणात बसून केळीचे घड बांधत होता. त्याचा हात थांबला.

"पहिल्यानेच ठोकत सुटलाय," तो स्वतःशीच पुटपुटला. "दुसरा घे. अरे, दुसरा घे ना, गाढवा."

फेलिस्ताने ऐकले आणि काही न ऐकल्यासारखे दाखवले. गेरेवाझीची बोटे मांडीवर ताल धरत होती.

तेवढ्यात दलदलीच्या वाटेने नाबोसा आत्या आली. झगा वर खोचलेला, घोट्यापर्यंत चिखल. तिने नमस्कार-चमत्कार केला नाही.

"गेरेवाझी, तुझ्या बाबाने नालोंगोची साल काढली."

"काढेना का. त्याची झाडं आहेत."

"आणि उघड्या खोडाला निळं प्लास्टिक गुंडाळलंय. पाऊस लागू नये म्हणून, म्हणतो. कसं घट्ट आवळलंय! मला म्हणतो, आत्या, पानांपेक्षा हे पक्कं."

गेरेवाझी उभा राहिला. घड त्याच्या पायांवर पडला.

"आतल्या आत कुजेल ती!"

"मी काय सांगते मग? पण तुला काय त्याचं," आत्या ओसरीवर टेकत म्हणाली. "फेलिस्ता, पाणी दे गं."

पाणी येईपर्यंत गेरेवाझी वाटेला लागला होता. जाता जाता त्याने सरपणावरून मला उचलले. का ते त्यालाही कळले नसेल. मोठे माणूस, पण लव्हाळ्यातून पोरासारखे धावत होते, आणि मी त्याच्या मुठीत खाली-वर हलत होतो. त्या धावण्यात मला पुन्हा ताल सापडला.

नालोंगो निळ्या प्लास्टिकात उभी होती, कुणा भलत्याचा सदरा घातल्यासारखी. गेरेवाझीने मला गवतात टाकले आणि कोयत्याने दोऱ्या तोडल्या. प्लास्टिक खाली पडले. आतले पांढरे-गुलाबी खोड घामाने डबडबले होते, आणि त्यातून वाफ येत होती. छपरातून मातिया धावत आला. त्याच्या तळहातांवर फोड आले होते आणि फुटलेही होते.

"दादा, मी..."

"बोलू नकोस. पानं आण. केळीची, ताजी, न फाटलेली. पळ!"

मातिया पळाला. एक भारा आणला, दुसरा आणला, तिसरा आणला. गेरेवाझी शेण कालवून खोडाच्या वरच्या-खालच्या कापलेल्या कडांना लावत होता. मग दोघे खोडाच्या दोन बाजूंना उभे राहिले आणि पाने गुंडाळू लागले. एकाने पान धरायचे, दुसऱ्याने केळीच्या सोपाची दोरी फिरवायची. नालोंगोचे खोड इतके रुंद की मधून एकमेकांचे तोंड दिसत नव्हते. फक्त हात दिसत. पलीकडून हात येई, दोरी घेई, पुन्हा दिसेनासा होई. चोबे आणि गेरेवाझी वीस-पंचवीस वर्षे असेच उभे राहिले होते.

आणि काम करता करता, शेवटच्या फेऱ्याला, गेरेवाझी म्हणाला, "बाबा, दोरी घट्ट धरा."

मित्रांनो, तो काही ठरवून म्हणाला नाही. शेकडो वेळा म्हटलेले ते त्याच्या तोंडात बसलेले होते. पण म्हटले मात्र, आणि मग त्याचे हात जागच्या जागी राहिले.

"हो," खोडाआडून मातियाचा आवाज आला, अगदी बारीक. "धरलीय."

गेरेवाझीने त्या गार हिरव्या पानांवर कपाळ टेकवले आणि तो रडला. बाप गेल्यावर रडला होता त्याहून जास्त रडला. मातिया पलीकडेच दोरी धरून उभा राहिला, कारण ती सोडली असती तर सगळी पाने सुटली असती.

गाठ मारून झाल्यावर दोघे झाडाच्या दोन बाजूंना खाली बसले.

"का केलं रे बाबांनी असं?" गेरेवाझीने विचारले. "माझं काय चुकलं होतं? सांग ना. पंचवीस वर्षं मी त्यांच्यासमोर बसलो."

"तेच तर," मातिया म्हणाला. "तू समोर बसलास. मी मागे बसायचो. दादा, खरं सांगू? बाबांचं तोंड डोळ्यांसमोर आण म्हटलं तर मला येत नाही. मला त्यांची पाठ तेवढी आठवते. डाव्या खांद्याखाली एक तीळ होता. तुला माहीत होता?"

गेरेवाझीला माहीत नव्हता.

आत्या एव्हाना धापा टाकीत येऊन पोचली होती. "तुमचा बाप मला हेच म्हणाला होता," ती म्हणाली. "म्हणाला, थोरल्याला माझ्या हातातलं सगळं दिलंय, आता त्याला कागद कशाला? धाकट्याला मी काहीच दिलं नाही. निदान माझं नाव तरी देतो."

"आत्या! आणि हे तू आज सांगतेस? वर्ष झालं!"

"कुणी विचारलं? वर्षभर तुम्हाला भांडायला वेळ होता, म्हाताऱ्या आत्याला विचारायला नव्हता. आणि तुझं तोंड बघून सांगावंसंही वाटलं नाही. बरं, वामालाचं काय? तो उठून बसेल उद्या."

मी गवतात पडून ऐकत होतो, आणि मला लाज वाटत होती. "बघतो हं" म्हणणाऱ्या त्या मुठीत मीच होतो ना. चोबेचा हात मी अडवून ठेवला होता. मी गर्वाने खाली-वर होत होतो आणि मागे एक पोर झाकणांची गाडी घेऊन बसले होते. आम्हा वस्तूंचा दोष नसतो असे लोक म्हणतात. असेल. मला तरी तो माझा वाटला.

छपरात ओंडक्यावर साल अर्धवट फुटून पडली होती. मातिया सवयीने मागच्या खांबाशी जाऊन उभा राहिला.

"तिकडे काय करतोस?" गेरेवाझी म्हणाला. "समोर बस."

मातिया समोर बसला, बापाच्या जागेवर. गेरेवाझीने आढ्यावरून दुसरा मोगर काढून त्याच्या हातात दिला. पाणी शिंपडत, साल पुन्हा ओली करीत, हळूहळू दोघांनी ती पसरवली. "हलकं. मनगटातून. माझ्या तोंडाकडे बघ, हाताकडे नको." दुपार कलली तेव्हा गेरेवाझीने मला गवतातून उचलून आणले, उडालेल्या खाचांवरून अंगठा फिरवला आणि मला मातियाकडे दिले. "बाबांच्या हातात हाच असायचा. शेवटचा हात मारायला."

मातियाच्या तळहाताचे फोड माझ्या मुठीला लागत होते. तो चुकत होता, पण घाबरत नव्हता. माझे दोघे थोरले शेजारीच पडले होते. आम्ही तिघे वर्षभराने एका छपराखाली आलो होतो.

संध्याकाळी वल्कल उचलून उजेडात धरले. त्यावर एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत एक बारीक रेघ पुन्हा पुन्हा उमटली होती. माझ्या उडालेल्या खाचांची.

"ही कसली?" मातियाने विचारले.

गेरेवाझी खाली बघू लागला. "शेळीचा खुंटा ठोकला याने."

"बाबांच्या मोगराने?"

"हो."

मातिया हसू लागला, मग गेरेवाझीही. दोघे असे हसले की आत्या धावत आली. वामाला म्हाताऱ्याला दुसऱ्या दिवशी त्याच रेघेच्या वल्कलात गुंडाळले. तो काही उठून बसला नाही.

आता या गोष्टीला बरीच वर्षे झाली. नालोंगोची साल दोन वर्षे मुळीच काढली नाही. बुंध्यावर एक डाग राहिला, पण ती वाचली. गेरेवाझी रोज दलदल ओलांडून येतो. मातियाला तो "बाबा" म्हणतो, कधी चिडवायला, कधी खरेच. मातियाने मला नवीन खाचा कोरून घेऊ म्हटले, तेव्हा गेरेवाझी म्हणाला, "राहू दे." म्हणून आमच्या घरच्या प्रत्येक वल्कलावर आजही ती रेघ असते. बायका बाजारात ती बघूनच कापड ओळखतात. रेघ कशी पडली असे कुणी विचारले की दोघे भाऊ एकमेकांकडे बघतात आणि सांगत नाहीत.

मला जपा, एवढेच माझे मागणे आहे. मला काचेच्या कपाटात ठेवू नका आणि माझ्या भावांपासून मला पुन्हा तोडू नका. घरातली वाटणी करायची वेळ आली, तर जी माणसे एका ओंडक्यावर बसतात त्यांना आधी एकदा समोरासमोर बसवा आणि मग काय ते वाटा. आणि हातातले काम कितीही ओले असले, तरी मागे कोण बसले आहे ते अधूनमधून वळून बघत जा.

आता मातियाची धाकटी मुलगी छपरात येऊन खांबाला टेकून बसते. केळीच्या पानांच्या बाहुल्या करते. काल तिने हाक मारली, "बाबा, बघा ना." मी मातियाच्या मुठीत वर गेलो होतो, आणि वरच थांबलो. त्याने मला बाजूला ठेवले आणि तो पुरता मागे वळला.

"अरे, साल वाळतेय!" समोरून गेरेवाझी ओरडला.

"वाळू दे," मातिया म्हणाला.